बैल आणि वळू : फरक मुलांना कसा सांगावा?

'लिंग बदला' हा प्रश्न आला की 'गाय – बैल' ही जोडी हमखास असते. मुलं ती पाठही करतात. पण गोठ्यात गेलं की हे उत्तर अपुरं पडतं.

गाईला नर वासरू झालं की तो गोऱ्हा. थोडा मोठा झाला की खोंड. इथून पुढे दोन वाटा फुटतात. ज्याला पैदाशीसाठी राखतात तो वळू. त्याची मान जाड, वशिंड मोठं आणि स्वभाव तापट. ज्याला खच्ची करून कामाला जुंपतात तो बैल. खच्ची केलेलं जनावर शांत होतं, जोडीदाराबरोबर मुकाट्याने नांगर-गाडी ओढतं. पूर्वी हे काम गावातलेच जाणकार करत. आता पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने, जखम न करता होतं. लहान मुलांना एवढंच सांगितलं तरी पुरतं : वळू हा वासरांचा बाप, बैल हा शेतातला गडी.

पोळ्याला किंवा बेंदराला आपण पूजतो तो राबणारा बैल. महादेवासमोर बसलेला नंदी मात्र वृषभ, म्हणजे वळू. बोलताना आपण त्यालाही बैलच म्हणतो. उमेश कुलकर्णी यांच्या २००८ च्या 'वळू' चित्रपटात गावभर मोकाट फिरतो तो देवाला सोडलेला वळू. तिथे 'बैल' म्हटलं असतं तर गोष्टच बदलली असती! कायद्यालाही हा फरक लागतो. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदी लागू झाली, तेव्हा कायद्याच्या इंग्रजी मजकुरात 'बुल' आणि 'बुलक' असे दोन शब्द वेगवेगळे घातले गेले. म्हणून इंग्रजीच्या तासालाही नांगराच्या बैलाला 'बुल' म्हणू नये. तो 'बुलक' किंवा 'ऑक्स'.

मध्यंतरी एका पालकांनी मुलीची उत्तरपत्रिका दाखवली. 'गाय'समोर तिनं 'वळू' लिहिलं होतं, त्यावर लाल फुली. पोरीच्या घरी पिढ्यान् पिढ्या जनावरं. तिनं आईला विचारलं, "मग आपल्या आज्याला काय कळत नाही का गं?" गुण एकच गेला, पण आजोबांच्या ज्ञानावरचा विश्वास डळमळला, हे जास्त वाईट.

व्याकरणात 'गाय – बैल' रूढ आहे, ते शिकवायलाच हवं. पण 'वळू' लिहिणाऱ्याचं उत्तरही बरोबर धरावं. उलट त्या मुलाला उभं करून विचारावं, "सांग बरं, तुमच्याकडे कुणाला काय म्हणतात?" खोंड, कालवड, पाडी असे कितीतरी शब्द वर्गाला आयते मिळतील.

'मनाचं खच्चीकरण' हा शब्दप्रयोग याच गोठ्यातून आलाय. निदान एका लाल फुलीने तो खरा होऊ नये.