कुलूप गिटबाहेर राहिले

गतवर्षी विवाहाची तयारी करणाऱ्या एका कन्येच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ४ मार्चचा ३ एप्रिल झाला, तेव्हा आम्ही प्रथम आमच्या चष्म्यालाच दोष दिला. नोंदवहीतील शाईची नोंद बिनचूक होती. चुकला होता तो कचेरीतील संगणक.

आमच्या धर्मग्रामातील तिघा तरुणांनी ही प्रणाली रचली आहे. नोकरीवरून परतल्यावर तिघे आपापल्या घरी बसून लिहितात आणि ‘गिट’च्या साहाय्याने ते लिखाण एकत्र करतात. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट निर्माण केले. त्यात सर्व काही असते, अशी आमची भाबडी समजूत होती.

तारखा वाचण्यासारखी कामे ही मुले स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्ररी आणतात. त्यांचा पसारा मोठा, म्हणून गिटमध्ये केवळ त्यांची यादी ठेवतात. यादीत आवृत्तीच्या आकड्याआधी टोपीसारखी एक खूण असते. ‘पहिला आकडा तोच असेल, तर हिच्यानंतरचीही चालेल’ असा तिचा अर्थ. दोघांनी लायब्ररी जानेवारीत उतरवल्या होत्या. तिसऱ्याने कचेरीतील नव्या संगणकावर जूनमध्ये. यादी एकच, परंतु येथे नवी आवृत्ती आली आणि तिने दिवस व महिना यांची अदलाबदल केली.

नेमकी आवृत्ती नोंदवणारी ‘लॉक फाइल’ एनपीएम २०१७ पासून आपोआप बनवते. परंतु तिच्यावरून तिघांच्या कामात वारंवार तंटा होई, म्हणून मुलांनी ती गिटबाहेर ठेवली. “त्रास देत असेल तर काढून टाका,” हा सल्ला, सांगण्यास संकोच वाटतो, आमचाच होता.

आता ती फाइल गिटमध्ये आहे. ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा दिली की तिच्यात लिहिले आहे तेवढेच उतरते. यादी व फाइल यांत तफावत आढळली तर काम तिथेच थांबते. आवृत्ती बदलायची झाल्यास एकच लायब्ररी, स्वतंत्र नोंद करून; आणि उरलेल्या दोघांनी पाहिल्यावाचून ती स्वीकारायची नाही. (मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींची ‘लेफ्ट-पॅड’ तिच्या कर्त्याने काढून घेतली, तेव्हा जगभर असंख्य प्रकल्प अडले होते. तिथे मात्र कुलूपही पुरे पडले नसते. मूळ मालच नाहीसा झाला होता.)

नवा दाखला आम्ही स्वहस्ते लिहून दिला. मुलीच्या आईने तो नोंदवहीशी दोनदा ताडून पाहिला, मगच पिशवीत ठेवला.