मामांची पिकअप आणि तिच्या परदेशी बहिणी

‘टेम्पो’ हा शब्द आपल्याकडे कुठून आला, याचा कधी विचार केलाय? भाजीचा टेम्पो, मिरवणुकीचा टेम्पो, घरसामान हलवायचा टेम्पो... ओझं वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला आपण सरसकट टेम्पोच म्हणतो. शब्दकोशात पाहाल तर टेम्पो म्हणजे लय, गती. पण टेकडी चढताना धापा टाकणाऱ्या त्या गाडीचा आणि गतीचा संबंध तसा बेताचाच! खरी गोष्ट अशी, की टेम्पो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली फिरोदियांनी ‘बजाज टेम्पो’ कंपनी सुरू केली आणि त्या जर्मन घराण्यातली तीनचाकी गाडी आपल्याकडे बनू लागली. २००५ साली कंपनीने स्वतःचंच नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केलं. त्या तीनचाक्याही रस्त्यावरून गेल्या. शब्द मात्र आपल्या तोंडी राहिला तो राहिलाच.

आज मी सांगणार आहे ते या टेम्पोच्या भावंडांपैकी एकीबद्दल. पिकअप! पुढे दोन-तीन माणसं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, आणि हौद्याला खाली पडणारा फाळका. झाली पिकअप. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? विमान नाही, रॉकेट नाही, शर्यतीची मोटारही नाही. पण गंमत पाहा, शर्यतीच्या मोटारी चार-दोन वर्षांत जुन्या होतात आणि ही साधीसुधी गाडी वीस-पंचवीस वर्षं राबून पुन्हा दुसऱ्या दिवशी कामाला हजर! असं का व्हावं?

माझ्या मामांकडे अशी एक पिकअप आहे, १९९९ सालची. मामांचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या जवळ. टोमॅटोचा मुलूख तो. वीस-वीस किलोचे क्रेट भरायचे, पन्नासेक क्रेट हौद्यात रचायचे, वरून दोर आवळायचा आणि निघायचं. म्हणजे एक टनभर ओझं. तिचा मूळ रंग कोणता, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. हौद्याचा पत्रा तीनदा बदललाय. एक दरवाजा दुसऱ्याच गाडीचा आहे. पण गाडी चालते.

आता हिच्या एका परदेशी बहिणीची गोष्ट ऐका. जपानमध्ये १९६८ साली टोयोटा कंपनीने ‘हायलक्स’ नावाची छोटी पिकअप काढली. तीही टनभर ओझं वाहणारी. २००३ साली इंग्लंडमध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमाने १९८८ सालची एक जुनी हायलक्स हजार पौंडांना विकत घेतली. तोवर ती तीन लाख किलोमीटर पळालेली होती. आणि मग त्यांनी तिचे काय हाल केले म्हणता! पायऱ्यांवरून खाली उतरवली, झाडावर नेऊन आदळली. सेव्हर्न नदीच्या मुखाशी समुद्रकाठी बांधून ठेवली. तिथली भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक. दोर तुटला, गाडी वाहून गेली आणि ओहोटीनंतर गाळात रुतलेली सापडली. साधी हत्यारं घेऊन मेकॅनिक बसले आणि गाडी सुरू झाली! पुढे तिच्यावर अख्खी कॅरव्हॅन टाकली, इमारती पाडायचा लोखंडी गोळा हाणला, तिला आग लावली. शेवटी सुमारे २४० फूट उंच इमारतीच्या गच्चीवर तिला ठेवलं आणि खालून सुरुंग लावून ती इमारतच पाडली. ढिगाऱ्यातून हायलक्स बाहेर काढली तेव्हा ती ओळखू येत नव्हती, पण इंजिनाने पुन्हा आवाज दिला.

टाळ्या वाजवण्यासारखीच गोष्ट आहे ही. तरी मला विचाराल तर हा तमाशा झाला, परीक्षा नव्हे. एका गाडीवरून सगळ्यांची पारख होत नाही. आणि गाडी इमारतीवरून पडावी अशी वेळ तुमच्या-माझ्यावर येत नाही. खरी परीक्षा कंटाळवाणी असते. रोज तेच ओझं, रोज तोच खड्डा, वर्षानुवर्षं. त्या परीक्षेत जुन्या पिकअप पास होतात. त्याचं कारण पाहायचं तर गाडीखाली डोकं घालायला हवं.

पुढच्या वेळी रस्त्याकडेला उभी असलेली पिकअप दिसली (उभी असलेली बरं का, चालू नव्हे!) की केबिन आणि हौदा यांच्यामध्ये पाहा. तिथे एक फट दिसेल. म्हणजे केबिन वेगळी, हौदा वेगळा. दोन्ही बसवलेले असतात खालच्या चासीवर. ही चासी म्हणजे चक्क एक आडवी ठेवलेली शिडी. पोलादाचे दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या. सगळं ओझं ही शिडी पेलते. आजच्या बहुतेक मोटारींना अशी शिडी नसते. त्यांचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो, अंड्याच्या कवचासारखा. त्यामुळे मोटार हलकी होते, पेट्रोल वाचतं, हे खरंच. पण कवच एकदा नको तिथे पिचकलं की पंचाईत. पिकअपचा हौदा सडला तर बोल्ट काढा, हौदा उतरवा, दुसरा बसवा. शिडी शाबूत तर गाडी शाबूत. म्हणून तर मामांची पिकअप तीन हौदे खाऊन बसली!

मागच्या चाकांवर पाटे असतात. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून बांधलेल्या, वाकवलेल्या धनुष्यासारख्या. रिकाम्या गाडीत बसलात तर हे पाटे तुमची हाडं खिळखिळी करतील. हौदा भरला की मात्र तीच गाडी शहाण्यासारखी चालते. आणि एखादा पाटा तुटलाच, तर तो बदलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सापडतोच सापडतो.

आता इंजिनाकडे वळू. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, हे तुमच्या हाताला ठाऊक असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हवा अशी वीसएक पट दाबतात. ती इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. ठिणगी लागत नाही. जुन्या गाड्यांत हा फवारा सोडणारा पंपही निव्वळ यांत्रिक, दातेरी चाकांवर चालणारा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. एकदा सुरू झालं की चालत राहायला त्याला विजेची गरज जवळजवळ नाहीच.

याचा अर्थ मला माळशेज घाटात कळला. मी तेव्हा कॉलेजात होतो. पावसाळ्याचे दिवस, रात्रीचे दोन. कल्याणच्या बाजारात टोमॅटो पहाटे पोचायला हवे होते. घाट उतरताना गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती गप्प झाली. सगळीकडे धुकं, वरून पाण्याच्या धारा. मला तर रडूच यायचं बाकी होतं. ओल्या हवेत टोमॅटोचा दम किती, हे मला माहीत होतं. आणि त्या खेपेच्या पैशांतून मामांना दुकानदाराची खताची उधारी द्यायची होती, हेही.

मामा मात्र शांत. “हवा धरली असंल,” एवढंच म्हणाले. त्यांनी सीटखालून बारा-तेराचा पाना काढला. बॅटरी माझ्या हातात दिली. डिझेलच्या फिल्टरवरचा एक बोल्ट अर्धा सैल केला आणि शेजारची हातपंपाची बोंडी दाबायला मला सांगितलं. दाबत गेलो. आधी फेस आला, फसफसून. मग फेसात डिझेल. मग बुडबुडे कमी होत होत स्वच्छ डिझेलची धार लागली. “बास!” मामांनी बोल्ट आवळला, हात पँटला पुसले, किल्ली फिरवली. चौथ्या झटक्याला इंजिन लागलं. पंधरा मिनिटंसुद्धा गेली नसतील. टोमॅटो वेळेवर पोचले.

मामा सातवी शिकलेत. त्यांनी काही चमत्कार केला नव्हता. ती गाडीच अशी बनवलेली, की तिचा मालक तिला उघडू शकतो. मला वाटतं, टिकाऊपणाचं गुपित पोलादात जेवढं आहे तेवढंच या बारा-तेराच्या पान्यात आहे.

या काटकपणाचे उपयोग सगळे चांगलेच झाले असं मात्र नाही. आफ्रिकेत चाड आणि लिबिया या देशांच्या लढाईत चाडचे सैनिक टोयोटाच्या गाड्यांवर तोफा-बंदुका बसवून लढले. रणगाड्यांना त्यांनी वाळवंटात चकवलं. १९८७ सालच्या त्या लढाईला ‘टोयोटा युद्ध’ असंच नाव पडलं. गाडीला काय, हौद्यात टोमॅटो ठेवा नाही तर तोफ.

आणि कोंबड्यांमुळे पिकअपचं नशीब बदललं, असं सांगितलं तर हसाल? १९६२ च्या सुमारास युरोपातल्या देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर जबर कर बसवला. अमेरिका रागावली. १९६३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उलट कर बसवला. कशावर? बटाट्याच्या स्टार्चवर, ब्रँडीवर आणि परदेशी छोट्या ट्रकवर! ट्रकवर शंभराला पंचवीस. बाकीचे कर यथावकाश गेले, ट्रकवरचा साठ वर्षं टिकला. लोक त्याला अजून ‘कोंबडी-कर’ म्हणतात. मग पळवाटाही निघाल्या. काही कंपन्या हौदा न बसवताच गाड्या जहाजातून पाठवत आणि उतरल्यावर हौदा जोडत. सुबारू कंपनीने तर हौद्यातच मागे तोंड करून बसायच्या दोन खुर्च्या ठोकल्या आणि म्हटलं, हा ट्रक नव्हेच, ही तर प्रवासी गाडी!

पुढे अमेरिकेतल्या पिकअप वाढत वाढत हत्तीएवढ्या झाल्या. हायलक्सची विक्री तिथे १९९५ मध्ये थांबली. आणि आता तिथलेच काही शेतकरी आणि हौशी लोक जपानमधून इवल्याशा जुन्या पिकअप मागवतात. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी असली, की नव्या गाड्यांचे सुरक्षेचे नियम तिथे आयातीच्या आड येत नाहीत. या जपानी बाहुल्यांना ‘केई’ ट्रक म्हणतात. १९९० पासून त्यांचं इंजिन जास्तीत जास्त ६६० सीसीचं, ओझं साडेतीनशे किलो. त्यातल्या सुझुकी कॅरीचं नाव लक्षात ठेवा. १९८४ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती व्हॅन, म्हणजे नंतरची ओम्नी, ही तिच्याच घरातली.

आता जरा कडू गोष्ट. मामांच्या पिकअपला एअरबॅग नाही. ब्रेक जोरात दाबले तर चाकं घसरू नयेत म्हणून आजकाल जी सोय असते, तीही नाही. आणि ती धूर ओकते. थंड इंजिन सुरू झालं की अंगणात काळा लोट उठतो. जो साधा पंप माळशेजमध्ये आमच्या कामी आला, त्याच पंपाचा हा दोष आहे. त्याला डिझेल बारकाईने मोजता येत नाही, पुरेसं बारीक फवारता येत नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. त्या नियमांच्या डिझेल गाड्यांत कॉम्प्युटर थेंबाथेंबाचा हिशोब ठेवतो, धुरातली काजळी गाळायला गाळणी असते. ती गाडी घाटात बंद पडली तर पाना घेऊन तुम्ही काही करू शकणार नाही. पण तिच्यामागून सायकल चालवताना तुम्हाला खोकलाही येणार नाही. दोन्ही एकदम मिळावं, असं मला फार वाटतं. अजून तरी तशी गाडी मी पाहिलेली नाही.

माझ्या मामेभावाची मुलगी चौथीत आहे. तिला दमा आहे. तो म्हणतो, “दादा, विकून टाकू, कर्ज काढून नवी घेऊ.” हो, आमच्याकडे वडिलांनाच दादा म्हणतात. मामा हिशोब मांडतात. नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याला येणार, टोमॅटोला भाव मिळो न मिळो. जुनीचं कर्ज फिटून वीस वर्षं झाली. पण पंधरा वर्षांवरच्या धंद्याच्या गाड्यांचं पासिंग २०२२ पासून बरंच महाग झालंय आणि ते दरवर्षी करावं लागतं. मीही हिशोब करून पाहिला. एकदा मामांचं बरोबर निघालं, एकदा मामेभावाचं.

सध्या घरात ठरलंय ते असं. पिकअप अंगणात सुरू करायची नाही. पहाटे बापलेक दोघं मिळून तिला ढकलत विहिरीकडच्या उतारापर्यंत नेतात. मामा आत बसतात, गाडी उताराला लागली की गिअर टाकतात, आणि धुराचा पहिला लोट विहिरीवरच्या मोकळ्या रानात जातो. नव्या नोझल बसवून धूर कमी होतो का, ते मिस्त्री बघतोय. पुढच्या महिन्यात पासिंग आहे.