पाण्याची रेघ

आमच्या घराच्या पडवीला समुद्राच्या बाजूने भिंत नाही. शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, खाडीच्या दक्षिण तीरावर, जयगड किल्ल्याच्या पायथ्याशी हे जांभ्या चिऱ्यांचे घर माझ्या आजोबांनी बांधले. आणि बांधतेवेळी गवंड्याने वाऱ्यापावसाचे कारण पुढे करून कितीही विनवले तरी त्यांनी त्या अंगास लाकडी गजांपलीकडे काही उभे करू दिले नाही. पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप तेथे बांधायचे आणि नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सोडायचे, एवढाच काय तो आमच्या आणि समुद्राच्या मधला आडपडदा.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, बंदरावरच्या जकातीच्या कचेरीत कारकून होते. आवकजावकीची सरकारी वही कचेरीच्या दफ्तरात राही. परंतु दिवसभर ती लिहूनही त्यांचे समाधान होत नसे की काय कोण जाणे, घरी त्यांनी स्वतःची एक वही ठेवली होती, आणि संध्याकाळी पडवीतल्या बाकावर बसून पुढ्यातल्या पाण्यावर जे दिसेल ते तिच्यात ते नोंदवीत. तारीख, तिथी, भरतीची वेळ, गलबत कोठले, तांडेल कोण, माल कसला, असे रकाने त्यांनी रुळाने आखले होते. आणि सर्वांत शेवटी एक अरुंद रकाना होता, ज्यात केवळ एकच शब्द मावे: ‘भरले’ किंवा ‘रिकामे’.

भरतीच्या वेळेसाठी त्यांना घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट करावी की भरतीचा तास निघतो, हा कोकणातल्या प्रत्येक खलाशाचा हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाढे पाठ होण्यापूर्वी मी पाऊणकी शिकलो ती या निमित्ताने.

गलबत दिसले की लहान मुलाची नजर स्वाभाविकच शिडाकडे जाते. नाना माझी हनुवटी धरून ती खाली वळवीत आणि म्हणत, “शीड सगळ्यांचं सारखंच फुगतं रे. पाण्याची रेघ बघ.” गलबताच्या अंगास पाण्याच्या बाजूला चुना आणि मुशीचे तेल यांचा जो पांढुरका लेप दिलेला असे त्याचा किती भाग दिसतो आणि किती बुडाला आहे, हे पाहायचे. नारळाचे गलबत काठावर रास चढवून येई, त्यामुळे ते ओथंबलेले वाटे. प्रत्यक्षात लेपाची वीतभर पट्टी उघडी असे. याच्या उलट मंगलोरी कौले घेऊन येणारे गलबत वरून अगदी मोकळे दिसे, आणि त्याची पट्टी मात्र पूर्णपणे पाण्याखाली गेलेली असे. कौलांचे वजन तळाशी बसते, ते डोळ्यांस दिसत नाही. ही रुजवात मी शेकडो वेळा केली असेन. पुढे बंदरावर माल उतरला की नानांच्या अंदाजाची आणि कागदावरच्या आकड्याची तफावत किती निघते ते पाहण्यासाठी मी धावत जाई, आणि ती क्वचितच लक्षात घेण्याजोगी असे.

याच संदर्भात त्यांनी एकदा दाखवलेली एक गोष्ट मला आजही आश्चर्याची वाटते. आश्विनात, जेव्हा वरच्या अंगाला खाडीत पावसाचे गोडे पाणी अद्याप साठलेले असते, तेव्हा फुणगूसकडे भरलेला पडाव तेथे जितका बुडालेला असतो तितका तो जयगडास पोहोचल्यावर राहत नाही. मालाचा एक दाणा न उतरवता तो दोन बोटे वर येतो. खारे पाणी जड, म्हणून ते अधिक उचलून धरते, इतके सांगून नाना थांबले. मला मात्र त्या रात्री बराच वेळ वाटत राहिले की समुद्राला आमच्या गावचा पडाव ओळखू आला असावा.

ऋतू आम्हांला पंचांगाआधी पाण्यावर दिसत. आमच्या पडवीतून सूर्य वर्षभर समुद्रात मावळत नाही. मार्गशीर्ष-पौषात तो दीपगृहाच्या बाजूच्या डोंगराआड जातो, आणि जसजसा उत्तरेकडे सरकत येतो तसतसा वैशाखाच्या सुमारास खाडीच्या मुखातून दिसणाऱ्या मोकळ्या पाण्यात बुडू लागतो. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे सुटत आणि तवसाळच्या बाजूचे मचवे त्यांवर न वल्हवता बाहेर पडत. कुरव पक्ष्यांचे थवे येत ते याच दिवसांत, आणि याच दिवसांत काही रात्री वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी पाण्यात निळा उजेड फुटे. फाल्गुनात किल्ल्याच्या उतारावरचे पांगारे लाल होत. मग आंब्याच्या पेट्यांचे दिवस, धक्क्यावर भाताच्या पेंढ्याचा वास, आणि ज्येष्ठात एके दिवशी नैर्ऋत्येकडून उठलेली ती काळी कड, जिच्यानंतर बंदर मुके होई. वर ओढलेली गलबते झापांनी शाकारली जात. डोंगराचा आडोसा असल्यामुळे आमच्या खाडीत तुफानातही पाणी त्या मानाने शांत राहते, म्हणून चुकलेमाकलेले एखादे गलबत आश्रयास येई, तेवढेच. नाहीतर आषाढभर पाहायचे ते एवढेच की खाडीतून येणारा तांबडा गढूळ लोट समुद्राच्या हिरव्या पाण्यास किती दूरपर्यंत हटवतो.

आगबोट ही मात्र वेगळी बाब होती. मुंबईहून पणजीकडे जाणारी बोट हर्णै, दाभोळ करीत आमच्याकडे येई. ऊन कलले की प्रथम क्षितिजावर धुराची काडी दिसे, मग डोलकाठी, मग धुराडे, आणि सर्वांत शेवटी बोटीचे अंग; पृथ्वी गोल आहे हे गुरुजींनी सांगण्यापूर्वीच ते आम्हांला ठाऊक होते. ‘तुकाराम’, ‘रामदास’, ‘रोहिदास’ अशी संतांची नावे या किनाऱ्यावरील बोटींना असत, आणि आजी त्यांचा उल्लेख मनुष्याप्रमाणेच करी. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्याकडे जात.

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. बातमी आली तेव्हा पडवीला झाप लागलेले होते, त्यामुळे समुद्र दिसत नव्हता, केवळ ऐकू येत होता. नानांनी वही काढली, तारीख आणि तिथी लिहिली, आणि पुढचे सर्व रकाने कोरे ठेवले. ते पान तसेच आहे.

१९५१ च्या मे महिन्यात, हंगामातल्या शेवटच्या बोटीने, माझा थोरला भाऊ अण्णा नोकरीसाठी मुंबईस गेला. मुंबईकडे जाणारी बोट रात्री येई. आई धक्क्याच्या पायरीवर “पोचलास की पत्र टाक रे” हे एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होती. पडाव माणसांनी आणि पेट्यांनी इतका भरला होता की नानांनी कंदील खाली धरून पाहिले, आणि तांडेलाला हाक मारून चार पेट्या उतरवायला लावल्या. मग तो काळोखात दिसेनासा झाला. अर्ध्या तासाने वल्ह्यांचा आवाज आला आणि तोच पडाव कंदिलाच्या उजेडात परतला. त्याची पांढरी पट्टी पुरी उघडी पडली होती, आणि तो लाटेवर असा काही हलका डुलत होता की मला त्याच्याकडे पाहवेना. त्यानंतर अण्णा घरी आला तो पाहुणा म्हणूनच.

काही वर्षांनी मीही त्याच वाटेने गेलो. मुंबईतील सरकारी कचेरीतल्या चौतीस वर्षांविषयी येथे सांगण्यासारखे फारसे नाही. भाऊच्या धक्क्यावर मात्र मी रविवारी जात असे, आणि शिमग्याच्या सुमारास कोकणची बोट पाण्यात किती दबून निघते ते पाहून खोलीवर परतत असे. तेथेच एका मोठ्या मालवाहू जहाजाच्या कुशीवर मला एक वर्तुळ आणि त्याच्या बाजूस एकाखाली एक आखलेल्या आडव्या रेघा दिसल्या. चौकशीअंती कळले ते असे: सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या इंग्लिश खासदाराने, बेसुमार भरलेल्या जहाजांवरील खलाशांचे मरण पाहून, पार्लमेंटात चिकाटीने भांडून १८७६ साली ही खूण कायद्याने सक्तीची करविली. रेघा अनेक असण्याचे कारण हे की उन्हाळ्यात जहाज किती बुडवावे, हिवाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात किती, उष्ण कटिबंधात किती आणि गोड्या पाण्यात किती, याच्या मर्यादा निरनिराळ्या आहेत. गोड्या पाण्याची रेघ खाऱ्या पाण्याच्या रेघेहून वर होती. मी धक्क्यावर उभा राहून ती रेघ बघत राहिलो. नानांनी जे दोन बोटांनी मोजून दाखवले होते ते येथे पोलादावर रंगवलेले होते, आणि हे त्यांना सांगायला नाना उरले नव्हते.

मी निवृत्त होऊन घरी परतलो तेव्हा आगबोट बंद होऊन काही वर्षे लोटली होती. कौले ट्रकने येत होती. एकेकाळी पाणी प्यायला आणि घटकाभर विसावायला आमच्या पडवीत येणारे दक्षिणेकडचे तांडेल कोणाच्याही स्मरणात नव्हते. मी वही पुढे चालविण्याचे ठरवले खरे, परंतु कित्येक आठवडे मासेमारीच्या होड्यांवाचून लिहिण्यासारखे काही मिळत नसे.

२००९ पासून येथे खोल पाण्याचे बंदर सुरू झाले, १२०० मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले आणि कोळशाची जहाजे येऊ लागली. आमच्या लहानपणीच्या सगळ्या गलबतांचा ताफा एकाच्या पोटात मावेल एवढाली ती जहाजे. त्यांतून आमच्या ओळखीचे कोणी उतरत नाही, त्यांच्यासाठी कोणी कंदील घेऊन धक्क्यावर जात नाही, आणि याचे मला दुःख आहे. तरी ती पाहिल्यावाचून मला राहवत नाही. येताना जहाज इतके दबलेले असते की त्याचे काळे अंग एखाद्या बुटक्या भिंतीसारखे दिसते. चार दिवसांनी तेच जहाज जाताना पाहावे तर पाण्यावर दोन-तीन मजले तांबडे पोट उघडे. नात सुटीत येते तेव्हा दुर्बिणीतून नाळेवरचे पांढरे आकडे मला वाचून दाखवते. मी तिची हनुवटी धरीत नाही. तिला खाली पाहण्याची सवय आपोआप लागली आहे.

काल वैशाखातली दशमी होती. सूर्य खाडीच्या मुखात, मोकळ्या पाण्यावर टेकला होता, आणि एक जहाज टगच्या मागोमाग उत्तरेकडे वळत होते. पोटावरचा तांबडा रंग उन्हाने अधिकच पेटला होता. तारीख, तिथी, भरती साडेसात, असे लिहून मी अरुंद रकान्याशी आलो, तोच झाप बांधायला आलेला गडी दोरी खांद्यावर टाकून पडवीच्या पायरीशी उभा राहिला. यंदा पाऊस लवकर यायचा म्हणतात, म्हणाला. मी त्याला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला सांगितले, आणि बाकासमोरच्या दोन गजांमधली जागा शेवटपर्यंत मोकळी ठेव म्हणालो.