मधला ओटा

१९६४ साली स्थापन झालेल्या ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यास आम्ही गेलो होतो. स्वयंपाकघर आठ फूट रुंद, दहा फूट लांब. सुनेला मधोमध ग्रॅनाइटचा स्वतंत्र ओटा हवा होता. सासूबाई गप्प होत्या. कारखान्याच्या वसाहतीत त्यांनी सारी वर्षे जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरली होती.

गृहस्थ मोजमापाचे पक्के. त्यांनी वर्तमानपत्रे जोडून मधला ओटा फरशीवर अंथरला. भिंतीलगतचा ओटा दोन फूट, उभे राहण्यास तीन, मधला दोन. पलीकडे उरला एकच फूट. सासूबाई विळी घेऊन तेवढ्यात बसू लागल्या, तशी सुनेनेच कागद गोळा केले.

अखेर दीड फूट रुंदीचे, चाकांचे लाकडी टेबल ठरले. काम नसता भिंतीस सरकवावयाचे. चाकांना अडसर मात्र हवा, नाहीतर लाटताना पोळपाटासह टेबलच चालू लागेल.

"एवढ्या अरुंद जागेत कणीक मळता येईल काय?" आम्ही शंका काढली.

"फादर, तुम्ही कधी मळली आहे?" सासूबाईंनी विचारले.

आम्ही निमूटपणे पवित्र पाण्याचे भांडे उचलले.