लिंबूटिंबूची जागा

न बोलणाऱ्या मुलासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. लाजाळू, बुजरा, मुखदुर्बळ, घुमा, एकलकोंडा. हे शब्द आपण सरसकट वापरतो. पण ते समानार्थी नाहीत. बुजऱ्याला माणसांचा धसका असतो, मुखदुर्बळाला वेळेवर शब्द सापडत नाही, एकलकोंडा स्वतःच्याच संगतीत रमतो. 'घुमा' या शब्दात तर दोषारोपच आहे. पाहुण्यांसमोर, मुलाच्या देखत, 'आमचा जरा घुमाच आहे' असे आपण हसत म्हणतो आणि नकळत त्या मुलाला एक भूमिका नेमून देतो. पुढे ते मूल ती भूमिका इमानाने वठवत राहते.

म्हणून मदतीची पहिली पायरी म्हणजे नीट पाहणे. काही मुलांना कमी ऐकू येते, आणि ते कोणाच्या ध्यानी येत नाही. काही मुले घरात अखंड बडबडतात, पण शाळेत महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत. तो हट्ट नसतो, भीतीने वाचा बसलेली असते. अशा वेळी तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच नसावा.

परंतु पुष्कळ मुलांना हवा असतो तो केवळ अवधी. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदविले. इतरांचा खेळ कडेला उभे राहून पाहणे आणि दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापले खेळणे, या दोहोंना तिने त्यांत स्वतंत्र स्थान दिले. कडेला उभे असलेले मूल आपल्याला रिकामे वाटते. ते मात्र खेळाचे नियम मनात मुरवून घेत असते.

आपल्या अंगणातील खेळांनी हे शहाणपण केव्हाच ओळखले होते. लगोरीत किंवा लपंडावात एखादा 'लिंबूटिंबू' असे. त्याने धावावे, ओरडावे, सगळ्यांबरोबर हुंदडावे; पण बाद होण्याचे भय त्याला नसे. मला ही योजना फार मोलाची वाटते. बुजऱ्या मुलाला खेळापेक्षा चुकण्याची आणि हसे होण्याची धास्ती अधिक असते. ती धास्ती काढून घेतली की पाय आपोआप पुढे पडतात. मात्र लिंबूटिंबूपण कायमचे नसावे. एके दिवशी त्याच्यावरही राज्य यावे, आणि ते त्याला हवेसे वाटावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात असेच केले. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही भरली. मूल जिथे आहे, तिथे मोठ्यांनी जायचे, ही त्यामागची दृष्टी होती.

आपल्यापैकी अनेक जण पालक आहात, काही शिक्षक किंवा अंगणवाडीसेविका आहात. 'बोल ना, काका विचारताहेत' असा आग्रह धरण्याऐवजी त्या मुलाशेजारी बसा. शेंगा सोला, कागद कापा, रांगोळीचे ठिपके त्याला मांडू द्या. एकाच समवयस्क सोबत्याला घरी बोलवा, घोळका नको. प्रश्न विचारलाच, तर उत्तरासाठी मनात दहा अंक मोजा आणि त्याच्या वतीने स्वतः उत्तर देऊ नका. ते काही बोललेच, तर 'बघा, आज बोलला!' असा गाजावाजाही नको. त्याच्या बोलण्याला सहजपणे पुढचे वाक्य जोडा. संवाद त्यातूनच सुरू होतो.