बुरांशावरचा बर्फ

जानेवारीतल्या बर्फाचे फोटो मला फारसे आवडत नाहीत. तो बर्फ सगळंच झाकून टाकतो आणि झाकलेलं जग कॅमेऱ्याला सोयीचं असतं. काठी, कचरा, विजेची तार, काही आड येत नाही. एप्रिलच्या बर्फाखाली मात्र वसंताची मांडामांड अर्धी झालेली असते. ती फोटोत आली नाही, तर तो फोटो कुठल्याही हिवाळ्याचा.

गढवालातलं चोपता समुद्रसपाटीपासून साधारण २,७०० मीटरवर. तिथून साडेतीन किलोमीटर चढलं की तुंगनाथ. आपल्याकडचे पक्षीवेडे एप्रिलात इथे येतात ते मुख्यतः मोनाल या रंगीबेरंगी पक्ष्यासाठी. घरी पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि इथे एखाद्या रात्री पश्चिमी झंझावात येऊन जातो. भूमध्य समुद्राकडून निघालेल्या या प्रणाली हिमालयाला अडून जवळची ओल सांडतात. त्यांचा खरा हंगाम हिवाळा. एखादी उशिरा येते आणि फुललेल्या बुरांशावर, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉनवर, बर्फ टाकते. आपल्याकडच्या अवकाळी गारपिटीतही कधी कधी यांचा हात असतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट पाहिलेल्या माणसाची जीभ ‘काय सुंदर!’ म्हणताना जरा अडखळते. खालच्या गावांत फळझाडं मोहरलेली असतात, हेही आठवतं.

तरी सकाळी आपण कॅमेरा घेऊन बाहेर पडतोच.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक जगाला मध्यम करड्या रंगाचं समजतो. पांढरंशुभ्र काही दिसलं की तो बिचकतो, प्रकाश कमी करतो आणि बर्फ राखेसारखा येतो. म्हणून एक-दीड स्टॉप वाढवून द्यावा लागतो. म्हणजे बर्फ पांढरा आहे, हे कॅमेऱ्याला आपण सांगायचं. बर्फ पडत असेल तर शटरचा प्रश्न येतो. हजारांश सेकंदाला प्रत्येक कण हवेत थिजलेला ठिपका होतो. साठांशला त्याच कणांच्या रेघा होतात. मला रेघा आवडतात, पण साठांश सेकंद पक्ष्याने मान स्थिर ठेवायला हवी ना! शिवाय ऑटोफोकस पक्षी सोडून मधल्याच एखाद्या कणावर जाऊन बसतो. सकाळ बरीचशी या भांडणात जाते.

अशाच एका सकाळी बुरांशाच्या सुक्या फांदीवर व्हर्डिटर फ्लायकॅचर बसला होता. निळा-हिरवा, डोळ्यापुढे काळा डाग. यांच्यातले कित्येक हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात. सह्याद्रीच्या जंगलांतही दिसतात. हा उडते किडे टिपणारा पक्षी, आणि बर्फाच्या सकाळी किडे उडत नाहीत. पिसांत हवा कोंडून ऊब धरायची म्हणून तो अंग फुलवून गोल झाला होता. असा गोल पक्षी फोटोत फार गोंडस दिसतो. लोक ‘किती क्यूट!’ लिहितात. ती त्याची उपाशी थंडी असते. मागे लाल फुलांचे गुच्छ, त्यांवर बोटभर बर्फ, आणि बर्फावरून उसळलेल्या उजेडाने पक्ष्याचं पोटही उजळलेलं. एरवी पोट सावलीत काळवंडतं. मी लांबूनच फोटो घेतले. दोन पावलं पुढे गेलो असतो तर तो उडाला असता, आणि त्या उडण्याचा खर्च भरून काढायला किडे कुठे होते?

सोबतचा वाटाड्या कंटाळला होता. “भैजी, ये तो छोटा है. ऊपर मोनाल होगा.”

मोनाल होताच. त्याच्या रंगांपैकी हिरवा, जांभळा, तांबूस ही झळाळी पिसांच्या रचनेतून येते. ढगाळ उजेडात तो निळसर-काळा, ओला कोंबडाच वाटतो. आपल्या मजबूत वाकड्या चोचीने तो बर्फ आणि माती उकरून कंद शोधत होता. त्याला या हवामानाचं काही वाटत नव्हतं. मग ऊन आलं, आणि रांगेतल्या सगळ्या कॅमेऱ्यांनी एकदम फैरी झाडल्या. माझ्याही. मोनाल समोर असताना फ्लायकॅचरची बाजू घेत बसणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. बर्फ तर अकरापर्यंत चिखल झाला होता, आणि खालून बर्फ बघायला निघालेल्या गाड्या वळणावळणावर अडकून हॉर्न वाजवत होत्या.