चेहरा ठाऊक नसलेल्या वस्तादाचं व्यक्तिचित्र

काशीतल्या दूधविनायक, ब्रह्मघाट, दुर्गाघाट या जुन्या मराठी वस्तीला बाळंभटदादा देवधर हे नाव परकं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडच्या अली आणि गुलाब या पैलवानांचं आव्हान उचलणारे, मल्लखांबाला नवा जन्म देणारे हे वस्ताद. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी ही विद्या काशीत रुजवली, असं परंपरा सांगते. अशा माणसाचं चित्र आखाड्यात लागावं, ही इच्छा रास्तच. अडचण एवढीच की छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला 1839 साली, आणि तोवर दादांची पन्नाशी उलटून गेली होती. ऐन उमेदीतल्या दादांचा चेहरा आज कोणालाच ठाऊक नाही. मग चित्रकार काय करतो? शेंडी, पिळदार मिशा, गंध, करारी नजर असा एक ठरीव चेहरा रंगवतो आणि छातीपाशी चित्र संपवतो. म्हणजे जे ठाऊक नाही त्यावर सगळी मेहनत, आणि जे ठाऊक आहे ते चौकटीबाहेर! खेळाडूचं व्यक्तिचित्र त्याच्या खेळातून उभं राहिलं पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो, त्याचं कारण हेच.

दादांबद्दल ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्यांची विद्या, आणि ती अजून जिवंत अंगांवर वावरते आहे. सलामी, दसरंग, वेल, सुईदोरा हे प्रकार हातून हाती आले आहेत. एरंडेल चोळलेल्या खांबावर मांडीची पकड बसते तेव्हा काय घडतं, ते जवळून बघावं. मांडीच्या आतल्या अंगाचा स्नायू लाकडावर चपटा होतो, त्याच्या कडेला कातडीची बारीक वळी पडते, पायाचा अंगठा ताठ होतो, पोट आत ओढलं जातं आणि हात मात्र मोकळे, जवळजवळ आळसावलेले दिसतात. तेलामुळे उजेड लाकडावर लांब रेघेत पडतो आणि अंगावर तुकड्यातुकड्यांत. ही दोन चकाकींमधली तफावत साधली नाही तर माणूस खांबाला डकवल्यासारखा दिसतो. शिवाय हे सगळं पारखता येतं. दादांचं नाक चुकलं तर सांगणारा कोणी उरलेला नाही. पकड चुकली तर आखाड्यातला वस्ताद तिथल्या तिथे बोट ठेवेल. चित्राचा खरेपणा जिथे तपासता येतो तिथेच चित्रकाराने आपली सारी ताकद लावावी.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे मल्लखांबपटूचं चित्र झालं, दादांचं नव्हे. आक्षेप वजनदार आहे. पण ज्याचा चेहरा सर्वांना ठाऊक आहे अशा खेळाडूकडे बघू. डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा बेसबॉलपटू हुआन मारिचाल 1983 साली अमेरिकेतल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथल्या ब्राँझच्या पाटीवर त्याचा चेहरा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानाबाहेर 2005 साली त्याचा पुतळा बसला, त्यात मात्र चेंडू टाकण्याआधी डोक्यापर्यंत जाणारा त्याचा डावा पाय आहे. नाव झाकलं तर पाटीवरचा माणूस किती जण ओळखतील? पुतळा लांबूनच ओळखू येतो. कारण तो पाय त्याचा एकट्याचा होता.

दुसरा आक्षेप मानमरातबाचा. लंगोटातला माणूस उंच पाय करून टांगलेला दिसला तर सन्मान कसला, असं घरचे लोक म्हणतात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांना पुरुषवेषात रंगवलं आणि स्त्रीवेषातही. त्या दुसऱ्या चित्राने त्यांचा मान रेसभरही कमी झाला नाही. उलट सन्मानाच्या ठरीव खुणा कधी कधी इतिहासच बिघडवतात. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. त्यांना गळ्यात पदक घालून रंगवणं सोपं. पण ऑलिंपिकमध्ये पदक गळ्यात घालायची पद्धत 1960 च्या रोमपासूनची. खाशाबांचे फोटो आहेत, म्हणून त्यांचा चेहरा हुबेहूब यायलाच हवा. तरी त्यांची मान आणि खांदे कुस्तीगिराचे दिसले नाहीत तर तो हुबेहूब चेहरा कोणाच्याही धडावर बसेल.

कॅमेरा हे काम अधिक चोख करतो, असंही म्हणतात. तेल लावलेल्या अंगावर फ्लॅश पडला की मांडी आणि लाकूड एकाच पांढऱ्या डागात जातात. कुठला उजेड ठेवायचा आणि कुठला मारायचा, हे ब्रशला ठरवता येतं. म्हणून दादांच्या चित्रासाठी माझा कौल असा : खांब पूर्ण उंचीचा, माथ्यावरच्या बोंडापर्यंत. पकड आजच्या खेळाडूच्या अंगावरून अभ्यासलेली आणि वस्तादांच्या नजरेखालून गेलेली. चेहरा तीन चतुर्थांश वळलेला, अर्धा सावलीत, आणि चित्राखालच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेलं असावं की चेहरा कल्पित आहे.